जुन्या गाडीतली पाण्याची वाट

बडोद्यात जुनी अ‍ॅम्बेसेडर किंवा डुक्कर फियाट (गोलमटोल जुनी फियाट ११००) बघायला गेलात, तर चकाकणारा रंग शेवटी बघा. आधी पाणी कुठून शिरलं, कुठे साचलं आणि कुठून निघालं ते शोधा. पन्नास-साठ पावसाळे काढलेल्या गाडीची प्रत बरीचशी या उत्तरावरच ठरते. इंजिन पुन्हा बांधता येतं, सीट शिवून घेता येतात. आतून खाल्लेला पत्रा मात्र रंगाखाली दडवला जातो.

अमेरिकेत रूढ झालेली १ ते ६ ही प्रतवारी आता आपल्याकडचे शौकीनही वापरतात. १ म्हणजे जुन्या गाड्यांच्या प्रदर्शन-स्पर्धेत उभी करावी अशी गाडी. २ मधले दोष जवळून पाहिल्याशिवाय सापडत नाहीत. ३ नीट चालणारी, थोडी झिजलेली. ४ चालते, पण काम मागते. ५ पूर्ण उघडून बांधावी लागेल. ६ फक्त सुट्या भागांच्या उपयोगाची. खरी कसोटी २ आणि ४ यांच्यात लागते, कारण अर्धा इंच लांबी, म्हणजे पुटीन, भरून ४ ची गाडी २ ची दाखवता येते.

लांबीखाली काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे. पॉलिएस्टर लांबीत शंखजिऱ्याची पूड असते, त्यामुळे ती ओल शोषते. लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. पण एकाच पत्र्यावर एका जागी हवा भरपूर आणि शेजारी कमी असली, की तिथे छोटा विजेचा घट तयार होतो, आणि खाल्ली जाते ती कमी हवेची, झाकलेली जागा! म्हणून वरून गुळगुळीत दिसणारं दार आतून चाळण झालेलं असतं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो. तो फुगतो आणि रंगाला मोहरीएवढे फोड आणतो. असा एक फोड दिसला तर आतली जखम रुपयाएवढी धरावी.

तपासायला साधं लोहचुंबक पुरतं. रंग खरवडू नये म्हणून ते पातळ कापडात गुंडाळा आणि छताच्या मध्यावर लावून पकड हाताला कळू द्या. तिथे लांबी सहसा नसते, म्हणून ती जागा तुलनेसाठी चांगली. मग दारांचा खालचा दोन-तीन इंच पट्टा, हेडलाइटमागचं मडगार्ड, पुढच्या-मागच्या काचेच्या बीडिंगच्या कडा, डिकीत स्टेपनीखालचा खळगा. जिथे पकड सैल पडते तिथे मधे काहीतरी भरलेलं आहे. रंगाची जाडी मोजायचं यंत्र असेल तर प्रत्येक पत्र्यावर पाच मापं घ्या. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, एकदा पुन्हा मारलेला २०० ते ३००. हजाराच्या वर आकडा गेला, तर लांबीच आहे असं समजा. युद्धापूर्वीच्या काही संस्थानी गाड्यांना लाकडी सांगाड्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असतो. त्याला चुंबक चिकटतच नाही, तेव्हा घाईने निकाल देऊ नका.

दाराखाली उंबऱ्यासारखी आडवी पोकळ पेटी असते, तिला सिल म्हणतात. अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनी (फियाटचंच पुढचं रूप) या दोन्ही गाड्यांना वेगळी चासी नाही, भार बॉडीच पेलते, म्हणून सिल हा त्यांचा कणाच. पुठ्ठ्याची एक नळी दोन्ही हातांनी पिळून पाहा: दाद देत नाही. तीच नळी ब्लेडने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिरा आणि पुन्हा पिळा. पुठ्ठा तेवढाच असूनही ती सहज वळते. सिलचा सांधा गंजून उघडला की गाडीचंही असंच होतं. सपाट जमिनीवर पुढच्या चाकामागे, ठरलेल्या जागी जॅक लावून चाक उचला आणि दाराच्या मागच्या कडेची फट वरच्या टोकाला आधी व नंतर मोजा. ५ मिलिमीटरची फट ३ वर आली, किंवा दार अडकू लागलं, तर रंग कितीही देखणा असो, ती गाडी ४ च्या वर जात नाही. जॅकवर असताना खाली शिरू नका.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुरात बडोदा शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. तेव्हा बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकायला आली, तर गाळ खरं सांगतो. सिलच्या तळाच्या निचऱ्याच्या भोकात तार घाला. टोकाला मऊ, करडा चिखल आला तर आतली पेटी ओल धरून बसली आहे. हेडलाइट काढून वाटीच्या तळाशी बोट फिरवा.

मागच्या अ‍ॅक्सलकडे फारसं कोणी बघत नाही, पण तो आवर्जून तपासावा. चालून तापलेला अ‍ॅक्सल पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा येण्या-जाण्याच्या भोकातून) किंवा तेल अडवणाऱ्या ऑइल-सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेल पाण्याहून हलकं, म्हणून पाणी तळाशी बसतं. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी न हलवता तळाचा प्लग हळूच सैल करा आणि पहिले २० मिलिलिटर काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या. आधी पाणी आलं, किंवा तेल दुधाळ कॉफीसारखं दिसलं, तर बेअरिंग खराब झालेले असण्याची शक्यता धरा. गिअरबॉक्सलाही हीच चाचणी लावा.

इंजिनासाठी कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मापक, पुरे. गरम इंजिन, सगळे स्पार्क प्लग बाहेर, इग्निशन तोडलेलं, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि इंजिनाला पाच-सहा फेरे. चार सिलिंडरच्या दाबातला फरक १० ते १५ टक्क्यांच्या आत हवा. कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात; नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

एकदाही रंग न मारलेली, फिकी पण सलग पत्र्याची गाडी या मोजपट्टीवर ३ च ठरते. तरी तिच्यावर नवा रंग मारू नये, असं आमचं ठाम मत आहे. स्पर्धांमध्ये अशा जपलेल्या गाड्यांचा गट अनेकदा वेगळा असतो, आणि कारखान्यातून निघताना तिच्यावर काय होतं याचा पुरावा तोच फिका रंग असतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांतही पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या गाडीला विंटेज म्हणायचं तर चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. तेव्हा चासी आणि इंजिनावरचे कोरीव आकडे आरसीशी ताडून घ्या. त्यांच्याभोवती ग्राइंडरचे ओरखडे किंवा ताज्या रंगाचा चौकोन दिसला, तर तिथेच थांबून विचारा.

तपासणी पावसाळा संपता संपता, सप्टेंबरच्या अखेरीस करा. मॅट आणि त्याखालचं तागाचं अस्तर उचलून पत्र्यावर तळहात ठेवा. एप्रिलच्या उन्हात कोरडा लागणारा तोच पत्रा तेव्हा गार आणि दमट लागतो, आणि पाणी कुठल्या कोपऱ्यातून येतंय ते त्या ओलीच्या मागावर बोट नेत गेलं की सापडतं.