आपल्याच मुलखात परक्या नावानं वावरलेलं गवत

उत्तर अमेरिकेत तळ्याकाठचा चिखल, पाणी साचणारे चर, पूर ओसरल्यावर उघडी पडलेली माती, अशा जागी उन्हाळ्याच्या अखेरीस जाड, खरखरीत तुऱ्यांचं एक गवत माजतं. त्याला सरसकट बार्नयार्ड ग्रास म्हणतात आणि बाहेरून आलेलं तण समजतात. पण त्यातलं बरंचसं मूळचं तिथलंच असतं: एखिनोक्लोआ म्युरिकाटा.

गोंधळ १७५३ पासूनचा. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनेअसनं पॅनिकम क्रस-गॅली, म्हणजे 'कोंबड्याचा पाय', हे नाव देताना युरोप आणि व्हर्जिनिया अशी दोन्ही ठिकाणं लिहिली, म्हणजे परकं आणि देशी गवत एकाच नावाखाली गेलं. अमेरिकेत अनेक वर्षं भटकलेल्या आंद्रे मिशोच्या ग्रंथात देशी गवत वेगळं ओळखलं गेलं, पॅनिकम म्युरिकाटम या नावानं. ग्रंथ १८०३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर निघाला. दुर्दैव असं, की ते नाव रेट्झिउसनं १७८६ मध्येच दुसऱ्या एका गवताला देऊन टाकलं होतं, म्हणून ते इथं चालेना. मग १८१२ मध्ये पालिसो द बोव्वानं एखिनोक्लोआ ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट) उभी केली, आणि त्याच ग्रंथात हे गवत मात्र सेटारिया या दुसऱ्याच प्रजातीत घातलं! मला याचं अजून नवल वाटतं. या गवताला स्वतःच्या प्रजातीत यायला १९१५ उजाडलं. ते काम वनस्पतिशास्त्रज्ञ फर्नाल्डचं. १९२१ मध्ये वीगंडनं उत्तर अमेरिकेतल्या एखिनोक्लोआंचा आढावा घेतला आणि बारीक कणिशिकांचा (कणिशिका म्हणजे तुऱ्यातला, दाणा धरणारा छोटा फुलोरा) मायक्रोस्टॅकिया हा प्रकार वेगळा काढला.

इतकी वर्षं ही दोन गवतं एकमेकांत का मिसळली, ते हातात घेतल्यावर कळतं. पान खोडाला मिळतं तिथं बऱ्याच गवतांना असते ती जिभिका, म्हणजे जिभेसारखा छोटा पापुद्रा, दोघांनाही नसते. कुसळांची लांबी, तुऱ्याचा रंग, उंची, यांतलं काहीच भरवशाचं नाही. भिंग हवंच. पिकलेला दाणा नखानं सोलून बाहेर काढा आणि त्याला बिलगलेल्या चकचकीत टरफलाचं टोक बघा. परक्या क्रस-गॅलीत टरफल गोलसर संपतं, तिथं बारीक केसांची एक ओळ असते आणि पुढं वेगळंच दिसणारं, सुकून मलूल झालेलं पापुद्र्यासारखं टोक. देशी म्युरिकाटात तशी ओळ नसते. टरफल निमुळतं होत जाऊन ताठ टोकात संपतं. कणिशिकेवरचे राठ केसही बहुधा फोडासारख्या फुगीर बुडातून उगवलेले असतात. म्युरिकाटा म्हणजे काटेरी-खरबरीत, ते यावरूनच.

कोवळ्या तुऱ्यावर मात्र निवाडा करू नये. दाणा भरेपर्यंत थांबावं.