मिक्स्ड-मोड स्थिर प्रावस्था

मिक्स्ड-मोड स्थिर प्रावस्था : लिक्विड क्रोमॅटोग्राफीच्या (द्रवासोबत नळीतून वाहवून मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या पद्धतीच्या) कॉलममध्ये, म्हणजे त्या नळीत, भरायचे असे द्रव्य, ज्याच्या एकाच पृष्ठभागावर दोन किंवा अधिक प्रकारची आकर्षणे मुद्दाम बसवलेली असतात. नेहमीचा सी-१८ (अठरा कार्बनांच्या साखळ्यांचा) कॉलम रेणूला त्याच्या जलविरोधी, तेलकट भागावरून धरतो. आयन-विनिमय कॉलम विद्युत्‌भारावरून धरतो. मिक्स्ड-मोडमध्ये या दोन्ही पकडी एकाच वेळी काम करतात. पाण्याचे प्रमाण कमी ठेवले, तर ध्रुवीय पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर साचतो आणि हिलिक (ध्रुवीय रेणूंना त्या थरात धरणारी) ही तिसरी पकडही मिळते.

गरज : पाण्यात सहज विरघळणारे भारित रेणू सी-१८ वर थांबत नाहीत. सोलापूरला जवळचे उदाहरण मेटफॉर्मिनचे. मधुमेहावरचे हे औषध डायमिथिलअमाइन हायड्रोक्लोराइड आणि डायसायनडायअमाइड यांच्या अभिक्रियेतून बनते. मिथिलअमाइन्स बनवणारी बालाजी अमाइन्स ही कंपनी सोलापूरची, आणि शहराबाहेर चिंचोळी एमआयडीसीत औषधद्रव्यांचे कारखाने आहेत. मेटफॉर्मिनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू भारित असतात तो आकडा) १२ च्या वर असल्याने सिलिका कॉलम चालतो त्या २ ते ८ पीएचच्या पट्ट्यात तो कायम धनभारित असतो आणि सी-१८ मधून जवळपास मृत आकारमानासोबतच (कुठेही न थांबणाऱ्या द्रवाबरोबर) बाहेर पडतो. ऑक्टेनसल्फोनेटसारखे आयन-जोडी अभिकर्मक (भारित रेणूशी जोडी करून त्याला तेलकट भाग देणारे द्रव्य) घातले तर तो थांबतो, पण समतोलाला वेळ लागतो, कॉलम पुन्हा दुसऱ्या कामाला घेता येत नाही आणि मास स्पेक्ट्रोमीटर (आयनांच्या वस्तुमानावरून रेणू ओळखणारे यंत्र) दूषित होतो. औषधकोशातील प्रस्थापित पद्धतीत सल्फॉनिक गटांचा आयन-विनिमय कॉलम आणि लिटरला १७ ग्रॅम अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेटचा पीएच ३.० चा बफर आहे. अतिनील शोधकाला तो चालतो. मास स्पेक्ट्रोमीटरला फॉस्फेट चालत नाही. मिक्स्ड-मोड कॉलमवर मात्र उडून जाणारे अमोनियम फॉर्मेट पुरते. तरी एक मर्यादा लक्षात ठेवावी : उरलेल्या डायसायनडायअमाइडला भारही नाही आणि तेलकट भागही नाही. ते धरायचे तर अ‍ॅसिटोनायट्राइल ८५–९०% वर नेऊन हिलिकचाच आधार घ्यावा लागतो.

रचना : सर्वांत सोपा प्रकार म्हणजे सी-१८ आणि आयन-विनिमय कणांचे मिश्रण एकाच नळीत भरणे. त्यात दोन्ही कणांचे प्रमाण प्रत्येक भरणीत तंतोतंत तेच राखणे अवघड असते. दुसऱ्या प्रकारात एकाच सिलिका कणावर अल्किल साखळ्या आणि भारित गट वेगवेगळे जोडतात. आज अधिक चालतो तो तिसरा प्रकार : एकाच साखळीत दोन्ही गुण, म्हणजे सिलिकाला जोडलेली अल्किल साखळी आणि तिच्या टोकाला किंवा मध्यावर कार्बॉक्सिल, सल्फॉनिक किंवा अमाइन गट. त्रिगुणी कॉलममध्ये सिलिकाच्या छिद्रांच्या आत ऋणायन धरणारा थर आणि कणाच्या बाहेर धनायन धरणारे बहुवारिकाचे सूक्ष्मकण असतात, त्यामुळे औषधाचा क्षार आणि त्यातील सोडियम किंवा क्लोराइड एकाच धावेत मोजता येतात. अशा आयनांना अतिनील शोषण नसते. त्यासाठी चार्ज्ड एरोसोल किंवा बाष्पीभवनी प्रकाश-विकिरण शोधक लागतो.

जुन्या सी-१८ कॉलमवर अमाइन रेणूंच्या शिखरांना (शोधकाच्या आलेखातल्या उंचवट्यांना) शेपटी यायची, तीही एका अर्थी मिक्स्ड-मोडच होती : सिलिकाच्या पृष्ठभागावरचे, झाकले न गेलेले सिलॅनॉल गट अमाइनला धरत. पण ते गट थोडे, असमान आणि अनियंत्रित होते. मिक्स्ड-मोड कॉलममध्ये भारित गट मुबलक आणि सारखे पसरलेले असतात, म्हणून शिखर सुबक येते.

तीन चाव्या : धारण, म्हणजे रेणू कॉलमवर किती थांबतो ते, तीन गोष्टींनी बदलते – सेंद्रिय द्रावकाचे प्रमाण, पीएच आणि बफरची तीव्रता. पद्धत बसवताना खरी मेख तिसऱ्या चावीत असते, आणि सी-१८ वर हात बसलेला विश्लेषक तिच्याकडेच कमी लक्ष देतो. शुद्ध आयन-विनिमयात एकभारित बफर-आयनाची तीव्रता दुप्पट केली, की एकभारित रेणूचा धारण गुणांक निम्मा होतो, द्विभारिताचा चौथा हिस्सा, त्रिभारिताचा आठवा. म्हणजे बफर वजन करताना ५% जास्त पडला, तर मेटफॉर्मिनचे धारण सुमारे ५% घटेल, पण त्रिभारित स्ट्रेप्टोमायसिनचे साधारण १४% घटेल. जलविरोधी पकडीचाही वाटा असेल, तर परिणाम त्या प्रमाणात सौम्य होतो. म्हणून बफर अंदाजाने घेऊ नये. २० मिलीमोलरसाठी लिटरला १.२६ ग्रॅम अमोनियम फॉर्मेट वजन करावे, पीएच ३.० साठी त्यात साधारण ४ मिलिलिटर संहत फॉर्मिक आम्ल लागते. पीएच द्रावक मिसळण्यापूर्वी, जलीय भागातच मोजावा. कॉलमवरचा गट कार्बॉक्सिल असेल, तर त्याच्या पीकेएजवळ काम करणे टाळावे : तिथे पीएच ०.१ ने वाढला तरी भारित गट ५०% वरून ५६% वर जातात आणि शिखर सरकते.

स्ट्रेप्टोमायसिन आणि डाळिंब : डाळिंबावरचा तेल्या हा झँथोमोनास जिवाणूमुळे होणारा रोग. त्यावर स्ट्रेप्टोमायसिन असलेली मिश्रणे बागांत वर्षानुवर्षे फवारली गेली. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून सोलापूरजवळ केगावला आहे, आणि जिल्ह्यातून निर्यात होणाऱ्या फळांना अवशेष-तपासणी टाळता येत नाही. या तपासणीत मिक्स्ड-मोड दोनदा कामी येते : आधी नमुना शुद्ध करणाऱ्या काडतुसात, मग कॉलममध्ये.

काडतूस निवडताना नियम असा : रेणू कायम भारित असेल, तर गट दुबळा घ्यावा. स्ट्रेप्टोमायसिनवरचे दोन ग्वानिडिनो गट कामाच्या कोणत्याही पीएचवर भार सोडत नाहीत. अशा रेणूला सल्फॉनिक गटाच्या काडतुसावर चढवले, तर सोडवायला फार तीव्र क्षार लागतो. कार्बॉक्सिल गटावर चढवले, तर आम्ल ओतून त्या गटाचाच भार काढून घेता येतो आणि रेणू सुटतो.

डाळिंबाच्या रसात पोटॅशियम १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमच्या पुढे असते, म्हणजे ५० मिलीमोलरहून जास्त. तसाच रस काडतुसावर ओतला, तर पोटॅशियमच जागा अडवते आणि स्ट्रेप्टोमायसिन निघून जाते. अर्क पाण्याने दहापट पातळ करून पीएच ६.५ च्या आसपास आणावा, सेकंदाला एका थेंबाच्या वेगाने सोडावा, मग पाण्याने आणि नंतर अ‍ॅसिटोनायट्राइल-पाणी मिश्रणाने धुवावा. दाण्यांचा लाल रंग आणि टॅनिने या दुसऱ्या धुण्यात जातात. धावन रंगहीन होईपर्यंत ते थांबवू नये. शेवटी फॉर्मिक आम्ल घातलेल्या अ‍ॅसिटोनायट्राइल-पाण्याने रेणू सोडवावा. इथे मिथेनॉल टाळावे, कारण स्ट्रेप्टोमायसिनवरचा अल्डिहाइड गट त्याच्याशी जोडला जातो आणि वस्तुमान बदलते. मास स्पेक्ट्रोमीटरवर ५८२ ते २६३ हे संक्रमण (५८२ वस्तुमानाचा आयन तुटून होणारा २६३ चा तुकडा) पाहतात. नळ्या, बाटल्या, टिपा सगळे पॉलिप्रॉपिलीनचे असावे. काचेला हा रेणू चिकटतो आणि सूक्ष्म प्रमाणात निम्मा नमुना भिंतीवरच राहू शकतो.

दोष आणि उपाय : धारणकाल दिवसभर सरकत राहणे ही सर्वांत सामान्य तक्रार. कारण बहुधा अपुरा समतोल असतो. १५० × ४.६ मिलीमीटर कॉलमच्या आत द्रवाचे आकारमान सुमारे १.६ मिलिलिटर, बफर बदलल्यावर निदान २० ते ३० आकारमाने, म्हणजे मिनिटाला १ मिलिलिटर वेगाने अर्धा-पाऊण तास द्यावा. नवा कॉलम यापेक्षा जास्त मागतो. आधीच्या पद्धतीत ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक आम्ल वापरले असेल, तर ऋणायन धरणाऱ्या कॉलमवर ते चिकटून राहते आणि मग कितीही धुतले तरी धारण पूर्ववत यायला दिवस जातो.

धारण दिवसांमागून दिवस हळूहळू कमी होत असेल, तर आधी पाणी तपासावे. सोलापूरच्या बोअरचे पाणी बेसाल्टातून येते आणि कठीण असते. आरओचा पडदा थकला आणि शुद्धीकरण यंत्राचे रेझिन वेळेवर बदलले नाही, तर कॅल्शियम-मॅग्नेशियमचे अंश धनायन-विनिमय कॉलमवर साठतात. हे द्विभारित आयन अमोनियमपेक्षा घट्ट बसतात. पाण्याची रोधकता १८.२ मेगाओम-सेंटीमीटर असल्याची रोज नोंद ठेवावी. कॉलम आधीच भरला असेल, तर १०० मिलीमोलर अमोनियम फॉर्मेट, पीएच ३, अ‍ॅसिटोनायट्राइल ३०%, असे ३० आकारमान सोडले की बहुतेक वेळा तो परत येतो.

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२ अंशांपुढे जातो. कॉलम-ओव्हन फक्त तापवणारा असेल, तर खोलीपेक्षा किमान ५ अंश वरच तो स्थिर राहतो; एसी बंद पडलेल्या खोलीत ३० अंशांची पद्धत चालतच नाही. तापमानाचा परिणाम दोन्ही पकडींवर सारखा नसल्याने काही शिखरे पुढे तर काही मागे सरकतात, क्वचित क्रमही उलटतो. पद्धत सुरुवातीलाच ४० अंशांवर बसवणे शहाणपणाचे.

इतर उपयोग : चादरी-टॉवेलांच्या रंगाईत वापरल्या जाणाऱ्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगांत सल्फोनेट गट आणि मोठा सुगंधी सांगाडा दोन्ही असतात. दुबळ्या ऋणायन-विनिमयाचे मिक्स्ड-मोड त्यांच्यासाठी योग्य. मात्र अमाइन गटाचा भार काढायला लागणारा पीएच सिलिका सोसत नाही, तिथे बहुवारिकाचे कण घ्यावेत. प्रथिनांच्या शुद्धीकरणात ही कल्पना जुनी आहे : १९५६ साली टिसेलियस आणि सहकाऱ्यांनी वापरलेले हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट कॅल्शियम आणि फॉस्फेट अशा दोन्ही स्थानांनी प्रथिने धरते.

कॉलम ठेवताना बफर आधी द्रावकाचे तेच प्रमाण असलेल्या, पण बफर नसलेल्या पाणी-मिश्रणाने काढावा, मग उत्पादकाने सांगितलेल्या द्रावणात टोके बंद करून ठेवावा. फॉस्फेट आत असताना थेट ८०% अ‍ॅसिटोनायट्राइल सोडले, तर क्षार छिद्रांतच बसतो आणि दाब चढतो. त्यानंतर तो कॉलम सहसा वाचत नाही.