मालिकाचित्रे (क्लोद मोने)

एकच विषय निरनिराळ्या वेळच्या प्रकाशात पुनःपुन्हा रंगवून ती चित्रे एकत्र मांडण्याची फ्रेंच दृक्‌प्रत्ययवादी (इंप्रेशनिस्ट) चित्रकार क्लोद मोने (१८४०–१९२६) याची पद्धती. तिचा आरंभ सामान्यतः झिव्हेर्नी या त्याच्या राहत्या गावातील गव्हाच्या गंजींच्या चित्रांपासून (१८९०–९१) धरतात. पॅरिसच्या सँ-लाझार रेल्वेस्थानकाची चित्रे (१८७७) ही पूर्वतयारी म्हणता येईल. मात्र त्यांत दृष्टिकोनही बदलत जातो.

गंजी रंगवताना उन्हासाठी एक व ढगाळ हवेसाठी एक असे दोन कॅनव्हास पुरतील असे वाटले होते. परंतु प्रकाश पालटत राहिला आणि सावत्र मुलगी ब्लांश हिला घरून आणखी कॅनव्हास आणायला धाडावे लागले, असे मोने उतारवयात सांगे. ही हकीकत सुमारे तीस वर्षांनंतरची असल्याने ती जपूनच स्वीकारावी. त्यापेक्षा ऑक्टोबर १८९० मध्ये समीक्षक ग्युस्ताव्ह झेफ्रवा याला लिहिलेले पत्र अधिक विश्वसनीय ठरते. या दिवसांत सूर्य इतक्या झपाट्याने कलतो की त्याला गाठता येत नाही, कामाचा संथपणा हताश करतो, अशी तक्रार त्यात आहे. एका क्षणाचा, सर्वत्र सारखा पसरलेला प्रकाश पकडण्यासाठी पुष्कळ राबावे लागते, हे त्याचे म्हणणे या पद्धतीचे मर्म होय. पॉप्लर वृक्षांच्या एका चित्रातील प्रकाश जेमतेम सात मिनिटे, एका ठरावीक पानावरून ऊन सरेपर्यंत टिके, अशी आठवण अमेरिकन चित्रकर्ती लीला कॅबट पेरी हिने नोंदवली आहे.

रूआं या फ्रेंच शहरातील कॅथीड्रलची तीसहून अधिक चित्रे मोनेने १८९२ व १८९३ मध्ये समोरच्या इमारतींच्या खिडक्यांतून सुरू केली. दर्शनी भाग पश्चिमाभिमुख असल्याने सकाळी तो निळसर छायेत असतो आणि ऊन दुपारकडे त्यावर येते. चित्रांतील वेळ बरीचशी यावरूनच ओळखता येते. बहुतेकांवर १८९४ हे साल असले, तरी ते रंगवण्यास बसल्याचे नव्हे, तर झिव्हेर्नीच्या चित्रशाळेत हात फिरवून पूर्ण केल्याचे समजावे. रंगांचे जाड, खरबरीत थरही अनेक बैठकींची साक्ष देतात. सर्व काम प्रत्यक्ष दृश्यासमोरच होई, हे जुने मत त्यामुळे टिकत नाही. खुद्द मोनेने १९०५ मध्ये विक्रेता द्युरां-र्‍युएल याला लिहिले, की चित्रे प्रत्यक्ष पाहून केली की नाही याच्याशी कोणाला कर्तव्य नाही. चित्रशाळेतील या श्रमांनी चित्रांचे मोल उणावत नाही. मालिकेतील चित्रे परस्परांशी जुळतात ती त्यामुळेच.

पुढे लंडन, व्हेनिस व कमळतळे या विषयांवरही त्याने मालिका केल्या.