प्रौढशिक्षणाची तत्त्वे आणि कामगारांचे सुरक्षा प्रशिक्षण

कामगाराला आपल्या कामातले धोके ओळखता यावेत, ते टाळता यावेत आणि धोका दिसताच काम थांबवता यावे, यासाठी दिले जाणारे शिक्षण म्हणजे सुरक्षा प्रशिक्षण. ते घेणारी व्यक्ती शाळकरी मूल नसते. तिच्यावर घराची जबाबदारी असते, याच किंवा अशाच यंत्रावर तिने बहुधा काही वर्षे घालवलेली असतात आणि शिकवणाऱ्याला ठाऊक नसलेल्या कितीतरी गोष्टी तिच्या हाताला ठाऊक असतात. प्रशिक्षणाची आखणी या वस्तुस्थितीपासून सुरू करणे, हा या विषयाचा गाभा आहे. अनेक ठिकाणी मात्र नव्या भरतीला एका खोलीत बसवून तासभर स्लाइड दाखवतात, हजेरीपत्रकावर सह्या घेतात आणि हेल्मेट देऊन शॉपवर, म्हणजे यंत्रे चालतात त्या जागी, पाठवतात. ऑडिटला दाखवायचा कागद यातून तयार होतो; प्रेसवर (पत्रा दाबून कापणाऱ्या किंवा त्याला आकार देणाऱ्या यंत्रावर) उभ्या राहणाऱ्या मुलाच्या पदरात फारसे काही पडत नाही.

पार्श्वभूमी

प्रौढाचा अनुभव हेच त्याचे पाठ्यपुस्तक, असा विचार अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडुआर्ड लिंडमन यांनी १९२६ मध्ये मांडला. माल्कम नोल्स (१९१३–१९९७) यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून त्याला ‘अँड्रागॉजी’ (प्रौढांना शिकवण्याचे शास्त्र) या नावाने पद्धतशीर रूप दिले. प्रौढ स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ पाहतो. त्याच्याजवळ अनुभवाचा साठा असतो. आयुष्यात किंवा कामात गरज उभी राहिली की तो शिकायला तयार होतो. आणि विषयापेक्षा समोरची अडचण सोडवण्यात त्याला रस असतो, ही त्यांची सुरुवातीची चार गृहीतके. आतून येणारी प्रेरणा आणि ‘हे का शिकायचे’ हे आधी कळण्याची गरज, या दोन गृहीतकांची भर पुढे पडली. मुले आणि प्रौढ यांच्या शिकण्यात इतकी स्पष्ट रेघ ओढता येत नाही, अशी टीका नोल्स यांच्यावर झाली आणि त्यांनी स्वतःही पुढे आपली भूमिका सौम्य केली.

ब्राझीलचे पाउलो फ्रेरे यांची वाट वेगळी. १९६३ मध्ये त्यांनी अँजिकोस या गावी सुमारे ३०० प्रौढांना त्यांच्याच जगण्यातल्या शब्दांपासून सुरुवात करून वाचायला शिकवले. शिक्षकाने माहितीच्या ठेवी भरायच्या आणि शिकणाऱ्याने त्या मुकाट्याने सांभाळायच्या, या पद्धतीला त्यांनी ‘बँकिंग’ म्हटले. सुरक्षा प्रशिक्षणाला नोल्सइतकाच फ्रेरे यांचाही आधार आहे. कामाचा वेग कोण ठरवते, यंत्रावरचे संरक्षक आवरण म्हणजे गार्ड कोण काढते आणि ‘थांबवा’ म्हणण्याची हिंमत कोणाला असते, हे प्रश्न सुरक्षिततेच्या मुळाशी असतात आणि ते टाळून धोका शिकवता येत नाही.

महाराष्ट्रात कष्टकरी प्रौढांच्या शिक्षणाला जुनी परंपरा आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी व मजुरांसाठी रात्रशाळा सुरू केली. १९५८ मध्ये नागपूर येथे मुख्यालय असलेले केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झाले आणि १९६७ मध्ये मुंबईत वरळीला देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ उघडले. मुंबईतच शीव येथील केंद्रीय श्रम संस्था औद्योगिक सुरक्षेचे प्रशिक्षण देते. ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेमुळे ४ मार्च हा सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी गेटजवळ झेंडा लागतो, सर्वजण शपथ घेतात, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात. उत्साह खरा असतो. पण वर्षाचे उरलेले दिवस शॉपवर काय बोलले जाते, यावर शिकणे अवलंबून असते.

अनुभव : आधार आणि अडसर

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांतील पॉवर प्रेस हे या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण. पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यात असे कारखाने मोठ्या संख्येने आहेत. प्रेसवर बोटे तुटतात ती बहुधा जॉब (ज्यावर काम करायचे तो तुकडा) डायमध्ये (आकार देणाऱ्या साच्यात) ठेवताना किंवा अडकलेला जॉब काढताना. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय स्ट्रोक, म्हणजे प्रेसचा दाब, पडू नये, म्हणून दोन बटणांची सोय असते. कामाचा रेटा वाढला की एक बटण चिंधी किंवा पट्टी लावून कायमचे दाबून ठेवले जाते. ‘डायमध्ये हात घालू नका’ हे वाक्य त्या ऑपरेटरला पाठ असते. त्याच्या हाताला तिथे जायला काय भाग पाडते, हे त्याला कोणी विचारलेले नसते.

हाच प्रश्न प्रशिक्षणात आधी ठेवला, की खोलीतले वातावरण बदलते. चिमट्यात जॉब नीट बसत नाही, शीटला तेल जास्त आहे, पाळीच्या शेवटच्या तासात नग पुरे करायचे असतात, सुपरवायझर बघून न बघितल्यासारखे करतो, असे एकेक बाहेर येते. जुन्या की-क्लच प्रेसमध्ये एकदा क्लच (फिरत्या चाकाची गती प्रेसला देणारा जोड) गुंतला की फेरी पूर्ण होईपर्यंत स्ट्रोक मध्येच थांबवता येत नाही. म्हणून हात आत गेल्यावर यंत्र थांबवणारा प्रकाशपडदा अशा प्रेसवर कामाचा नाही. क्लचचा हा स्वभाव जुना ऑपरेटर रोज पाहतो. त्यामागचे कारण त्याला समजले, की डायभोवती पक्का गार्ड का हवा हे पटवत बसावे लागत नाही. ज्याने शिकवायचे आणि ज्याने शिकायचे, दोघांकडेही अर्धेअर्धे ज्ञान असते, हे अशा वेळी ध्यानात येते.

अनुभव नेहमीच खरे सांगतो असे नाही, आणि नोल्स यांच्या मांडणीची ही दुबळी बाजू आहे. गटार, सांडपाण्याची टाकी, बंद हौद अशा जागी साठणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. हवेत त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे १०० भागांपर्यंत गेले, की काही मिनिटांत नाक बधिर होते आणि वास येणे बंद होते. ‘वास गेला म्हणजे वायू गेला’ हा वर्षानुवर्षांच्या अनुभवातून बसलेला समज इथे जीव घेतो. पहिला माणूस आत कोसळला की दुसरा त्याला काढायला उतरतो, आणि मग तिसरा. तो मित्र असतो, भाऊ असतो, गाववाला असतो. त्याला ‘उतरू नकोस’ एवढे सांगून तो थांबणार नाही. आत न उतरता काय करायचे, म्हणजे आधीच बांधलेला दोर, तिकाटणे, वरून ओढायची चरखी आणि बाहेरून हवा सोडणे, याचा सराव त्याच्या हातांनी झालेला असला, तरच त्या क्षणी त्याच्याकडे दुसरा मार्ग असतो. वायू मोजणारे यंत्र त्याच्याच हातात देऊन, नाकाला काही कळत नसताना आकडा काय दाखवतो, हे बघायला लावणे तासभराच्या व्याख्यानापेक्षा मोलाचे आहे.

पद्धती

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी कारखान्यांत लाखो अननुभवी कामगार भरती झाले. तेव्हा मुकादम-सुपरवायझरांना शिकवण्याची चार पायऱ्यांची रीत घालून देण्यात आली : शिकणाऱ्याची तयारी करून घ्या, काम करून दाखवा, त्याच्याकडून करवून घ्या, नंतर जाऊन बघत राहा. कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेच नाही, असे त्या रीतीचे सूत्र होते. आजही मशीनवरच्या प्रशिक्षणाला याहून सोपा पाया नाही. चौथी पायरी मात्र सर्वत्र गळते.

१९६० च्या दशकात इटलीतील तूरीन येथे मोटार कामगारांनी इव्हार ओद्दोने या डॉक्टर-मानसशास्त्रज्ञाच्या साथीने धोक्यांचे नकाशे काढायला सुरुवात केली. एकाच ठिकाणी काम करणाऱ्या गटाने आपल्या खात्याचा नकाशा काढायचा. उजेड, उष्णता, आवाज, धूळ, वाफा, शारीरिक ताण, कामाचा वेग आणि एकसुरीपणा यांतले काय कुठे बाधते, याच्या खुणा करायच्या. आणि गटाला मान्य होईल तेवढेच खरे धरायचे. आपल्या आरोग्याचा निवाडा दुसऱ्या कोणावर सोपवायचा नाही, ही त्यामागची भूमिका. पुढे ही पद्धत लॅटिन अमेरिकेत गेली. शरीराची बाह्यरेषा काढून दुखऱ्या जागांवर खुणा करण्याची रीतही याच घराण्यातली. जमिनीवर खडूनेही ती करता येते आणि वाचता न येणाऱ्या माणसालाही तिच्यात पूर्ण भाग घेता येतो.

जपानमध्ये १९७० च्या दशकात ‘किकेन योची’, म्हणजे धोक्याचा आधीच अंदाज घेण्याचा सराव, रुजला. कामाचे एक चित्र समोर ठेवून पाच-सहा जणांचा गट यात काय धोके दडले आहेत ते सांगतो, त्यातला मुख्य धोका निवडतो, उपाय सुचवतो आणि आज आपण नेमके काय करणार ते ठरवतो.

पाळी सुरू होण्यापूर्वी पाच-दहा मिनिटांची ‘टूलबॉक्स टॉक’ ही भारतातील बांधकामांवर सर्वाधिक रुळलेली रीत. गरज समोर असतानाच शिकवणे हे तत्त्व तिच्यात आपोआप साधले जाते. आज सातव्या मजल्याची परांची उतरवायची असेल, तर बोलणे त्या परांचीवरच हवे. साइटवर छापील विषयांच्या यादीतला आजचा विषय वाचून दाखवला जातो, तेव्हा ही संधी हातची जाते.

भाषा आणि भीती

महाराष्ट्रातील बांधकामांवर आणि औद्योगिक वसाहतींत बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून आलेले कंत्राटी मजूर मोठ्या प्रमाणात आहेत. सूचना फलक मराठी-इंग्रजीत, सुपरवायझरचे बोलणे मोडक्या हिंदीत आणि ऐकणारा संथाळी किंवा भोजपुरी बोलणारा, अशी स्थिती सर्रास आढळते. ‘समझ गए?’ असे विचारल्यावर सगळे माना हलवतात. ‘आता तू मला करून दाखव’ हा त्यापेक्षा चांगला प्रश्न. त्यांच्यातलाच एखादा अनुभवी गडी शिकवायला तयार करणे बहुतेक वेळा सर्वांत परिणामकारक ठरते.

दुसरी अडचण पोटाची आहे. रोजंदारीवरचा मजूर ‘हा सुरक्षा पट्टा अडकवायला जागाच नाही’ असे सर्वांसमोर म्हणेल, ते उद्याचे काम जाणार नाही याची खात्री असेल तरच. ठेकेदार खोलीत उभा असताना गटचर्चा होत नाही. प्रशिक्षणाचा वेळ कामाच्या तासांत धरून त्याची मजुरी देणे, हेही शिकण्याच्या तत्त्वांइतकेच महत्त्वाचे आहे.

कायदा

कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ साली महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. कलम ७-अ नुसार कामगारांना आवश्यक माहिती, सूचना, प्रशिक्षण व देखरेख पुरवणे हे भोगवटादाराचे, म्हणजे कारखान्यावर अंतिम नियंत्रण असलेल्या व्यक्तीचे, कर्तव्य ठरले. कलम १११-अ ने माहिती आणि प्रशिक्षण मिळवणे हा कामगाराचा हक्क मानला. धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापन यांचे समान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती (कलम ४१-ग) आणि जिवाला तातडीचा धोका वाटल्यास तो वरिष्ठांच्या नजरेस आणण्याचा कामगाराचा हक्क (कलम ४१-ह) याच दुरुस्तीने आला. प्रौढाला स्वतःच्या जिवाबद्दलच्या निर्णयात स्थान असावे, हे तत्त्व इथे कायद्याच्या भाषेत उतरले आहे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत या अधिनियमासह १३ कायदे एकत्र करण्यात आले.

परिणाम आणि मर्यादा

मायकेल बर्क आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १९७१ ते २००३ या काळातील ९५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यांत १५ देशांतील सुमारे २१,००० कामगारांचा समावेश होता. प्रत्यक्ष सराव, संवाद आणि प्रतिसाद असलेले प्रशिक्षण ज्ञान व कौशल्य मिळवण्यात व्याख्याने-पुस्तिकांपेक्षा सुमारे तिपटीने प्रभावी ठरल्याचे त्यांना आढळले. २०१२ मध्ये लिंडा रॉब्सन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या आढाव्यात, प्रशिक्षणाने कामगारांचे वागणे बदलते याला भक्कम पुरावा मिळाला. पण केवळ प्रशिक्षणाने इजा आणि आजार कमी होतात असे म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही.

हा निष्कर्ष निराश करणारा नाही, सावध करणारा आहे. धोका मुळातून काढणे, कमी धोक्याचा पर्याय वापरणे, गार्ड किंवा हवा खेचणारी यंत्रणा बसवणे हे उपाय प्रशिक्षणाच्या आधी येतात. उघड्या गिअरशेजारी काम करणाऱ्याला कितीही चांगले शिकवले, तरी तो दिवसभर शंभर टक्के सावध राहू शकत नाही. अपघातानंतरच्या चौकशीत ‘कामगाराला पुन्हा प्रशिक्षण दिले’ एवढीच सुधारणा नोंदवली जाते, तेव्हा बहुधा यंत्रावरचा खर्च टाळलेला असतो आणि दोष जखमीच्या माथी मारलेला असतो.

प्रशिक्षणाची पारख त्याच दिवशीच्या प्रश्नपत्रिकेने होत नाही. काही आठवड्यांनी शॉपवर जाऊन बघावे लागते : दुरुस्तीपूर्वी, यंत्र कोणी चुकून चालू करू नये म्हणून, त्याला कुलूप आणि पाटी लागते का, थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या नोंदी वाढल्या का, कामगारांनी नकाशावर दाखवलेल्या जागांपैकी किती दुरुस्त झाल्या आणि त्यानंतर कोणी काम थांबवले तेव्हा सुपरवायझर काय म्हणाला.