सुरक्षा, विश्वसनीयता व देखभाल अभियांत्रिकी (पदव्युत्तर अभ्यास)

यंत्रणा किती काळ बिनबिघाड चालेल, बिघडल्यास काय अनर्थ ओढवेल आणि तिची देखभाल केव्हा करावी, या प्रश्नांचा एकत्रित अभ्यास करणारी शाखा. यंत्र, विद्युत, रसायन व उत्पादन अभियांत्रिकीचे पदवीधर तिच्याकडे वळतात. संभाव्यताशास्त्राची पक्की तयारी लागते.

शाखेच्या उगमाबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक तो दुसऱ्या महायुद्धातील जर्मन व्ही-1 अस्त्राच्या चाचण्यांत शोधतात. रॉबर्ट लुसर याच्या नावाने ओळखला जाणारा गुणाकाराचा नियम त्या कामाशी जोडला जातो : एकसर (एक बिघडला की सारे थांबेल अशा रीतीने) जोडलेल्या 100 घटकांपैकी प्रत्येकाची विश्वसनीयता, म्हणजे न बिघडण्याची संभाव्यता, 0.99 असली, तरी संपूर्ण यंत्रणेची जेमतेम 0.37 भरते. इतरांच्या मते आरंभ अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘एग्री’ (इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या विश्वसनीयतेवरील सल्लागार) गटाच्या 1957 च्या अहवालापासून धरावा. गुणाकाराचा नियम संभाव्यताशास्त्रात आधीपासून होताच. चाचणीचे निकष आणि खरेदीच्या अटी यांना त्याची जोड बहुधा या अहवालानेच दिली. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. सुरक्षेचा धागा वेगळा आहे. दोषवृक्ष विश्लेषण, म्हणजे अपघातापासून मागे जात त्याच्या कारणांची झाडासारखी मांडणी, 1962 च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत अमेरिकेच्या मिनटमन क्षेपणास्त्रासाठी विकसित झाले. देखभालीचा धागा विमान वाहतुकीतून आला. युनायटेड एअरलाइन्सचे नोलन व हीप यांच्या 1978 च्या अहवालानुसार विमानाच्या सुमारे 4 टक्केच घटकांत बाथटब वक्र (सुरुवातीला जास्त, मध्ये कमी आणि शेवटी पुन्हा जास्त बिघाड) दिसला, तर 89 टक्के घटकांत वयाबरोबर झिजून निकामी होण्याचा टप्पाच आढळला नाही. तरीही बाथटब वक्र सरसकट लागू असल्यासारखा शिकवला जातो, हे योग्य नव्हे.

अभ्यासाचा कणा म्हणजे आयुर्मानाच्या नोंदींचे विश्लेषण. आयुर्मानासाठी वापरल्या जाणाऱ्या वायबुल या संभाव्यता वितरणात पंपाच्या बेअरिंगचा आकार प्राचल (1 पेक्षा जास्त असल्यास वयाबरोबर बिघाड वाढतात) 2.5 आणि वैशिष्ट्यपूर्ण आयुष्य (सुमारे 63 टक्के नग निकामी होण्याचा काळ) 10,000 तास असेल, तर 4,000 तासांनंतर सुमारे 90 टक्के बेअरिंगे शाबूत असतात. ठरावीक मुदतीने बदल करण्याला येथे अर्थ आहे. प्राचल 1 पेक्षा कमी असेल, तर मुदतीने केलेला बदल सुरुवातीचे बिघाड पुन्हा ओढवून घेतो. सर्वांत घातक चूक म्हणजे अजून चालू असलेली बेअरिंगे नोंदीतून वगळणे. त्याने आयुष्य कमी भासते आणि चांगला माल भंगारात जातो. दुरुस्तीच्या नोंदपत्रावर (वर्क ऑर्डर) नुसते ‘पंप दुरुस्त केला’ एवढेच असेल, तर कोणतेही सॉफ्टवेअर उपयोगी पडत नाही. बिघाडाचा प्रकार, चाललेले तास आणि बदललेला भाग, या तीन नोंदी हव्यातच.

सुरक्षेत समान कारणाने होणारे बिघाड कळीचे ठरतात. दगा देण्याची शक्यता प्रत्येकी 0.01 असलेले दोन पंप समांतर (एक बंद पडला तरी दुसरा चालेल असे) जोडले, तर दोन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता कागदावर 0.0001 येते. पण दहा टक्के बिघाड सामाईक कारणाचे असतील, तर ती सुमारे 0.0011, म्हणजे अकरा पट होते. पूर हे असेच सामाईक कारण : 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 944 मिमी पाऊस नोंदला गेला. मुंबईत तळघरातील दोन्ही पंपांची विद्युत नियंत्रण पॅनेले एकाच उंचीवर बसवली, तर दुसरा पंप असूनही यंत्रणा दुहेरी राहत नाही. एक पॅनेल वरच्या मजल्यावर नेणे आणि त्याला वेगळा वीजपुरवठा देणे हा साधा उपाय आहे.

मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विश्वसनीयता अभियांत्रिकीचा आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रम चालवला गेला. शेजारच्या निटी या राष्ट्रीय औद्योगिक अभियांत्रिकी संस्थेने (स्थापना 1963, 2023 पासून आयआयएम मुंबई) औद्योगिक सुरक्षा व पर्यावरण व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका दिली. शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेची औद्योगिक सुरक्षेतील प्रगत पदविका मुख्यतः कारखान्यांतील सुरक्षा अधिकाऱ्यांसाठी आहे. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम, 1948 च्या कलम 40-ख नुसार 1,000 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात असा अधिकारी नेमावा लागे.