गेटवर मोबाईल जमा, कॅमेरा आत: हा वाद आला कुठून

‘मोबाईल एवढा भारी झालाय, मग वेगळा कॅमेरा कशाला?’ हा प्रश्न नागपुरात बहुतेक वेळा सफारीचं बुकिंग झाल्यावरच निघतो. वाढदिवसाला, फुटाळा तलावावर, मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत कोणाला तो पडत नाही, तिथे मोबाईलवरच भागतं. पण ताडोबाच्या गेटवर मोबाईल जमा करून घेतात आणि कॅमेरा आत नेऊ देतात, हे कळलं की मग घरातल्या कपाटांची शोधाशोध सुरू होते.

रोलच्या दिवसांत फार जात नाही. ३६ चा रोल, सीताबर्डीला धुवायला टाकणं, पाकीट उघडलं की निम्मे फोटो हललेले, हे सगळ्यांच्या घरी झालंय. डिजिटल कॅमेरा पण वाटतो तेवढा नवा नाही, कोडॅकच्या एका इंजिनिअरने तो १९७५ मध्येच बनवला होता, फोटो ०.०१ मेगापिक्सेलचा, ब्लॅक अँड व्हाइट, आणि एक फोटो कॅसेटच्या टेपवर चढायला २३ सेकंद. आपल्या घरांत पोचायला त्याला पुढे तीसेक वर्षं लागली.

खरी उलथापालथ झाली २००६ ते २०१२ मध्ये, आणि मी तेव्हा लग्नांच्या शूटिंगला असिस्टंट म्हणून जायचो म्हणून ती जवळून पाहिली. २००६ ला नोकियाचा एन७३ आला, ३.२ मेगापिक्सेल, आणि मांडवात नवरीच्या मैत्रिणी आमच्या समोर उभ्या राहून फोटो काढायला लागल्या. २००८ मध्ये निकॉनच्या डी९० ने डीएसएलआरमध्ये, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यात, पहिल्यांदा व्हिडिओ दिला, त्याच वर्षी कॅननच्या ५डी मार्क टू ने फुल एचडी दिला, आणि बघता बघता खांद्यावरचा मोठा व्हिडिओ कॅमेरा आणि त्याच्यामागे हॅलोजन धरून फिरणारा पोरगा मांडवातून गेला. म्हणजे ज्या काळात मोबाईल वर येत होता त्याच काळात मोठा कॅमेरा पण वर येत होता, हे आता लोक विसरतात. मेला तो मधला, खिशातला छोटा डिजिटल कॅमेरा. २०१० ला जगभरात १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, २०२० ला ९० लाखसुद्धा नाही. या घसरणीत सगळ्यात मोठा वाटा त्या छोट्या कॅमेऱ्यांचा होता, पण आपल्याकडे बोलताना सरसकट ‘कॅमेरा संपला’ असंच म्हणतात.

२०१८ च्या आसपास मोबाईलचा नाईट मोड आला, एकामागोमाग बरेच फोटो घेऊन त्यांचा एक करायचा, आणि अंधारातला फोटो पण मोबाईलला जमायला लागला. फक्त समोरची वस्तू जागेवर पाहिजे. पहाटे बांबूतून चालत येणारा वाघ जागेवर नसतो.

आता मोबाईलबंदी. ताडोबात ती २०१८ च्या शेवटी आली. कारण फोटो हे नव्हतंच, हा मुद्दा वादात कायम हरवतो. कारण होतं लोकेशन. एका जिप्सीला, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीला, वाघ दिसला की फोन, मेसेज, दहा मिनिटांत तिथे गाड्यांची रांग, आणि वाघाला रस्ता ओलांडायला जागा नाही. शिवाय सेल्फीसाठी गाडीबाहेर लोंबकळणं, मधेच वाजणारी रिंग. तेव्हा बरीच ओरड झाली, आणि त्यात दम नव्हता असं मी म्हणणार नाही. कॅमेरा असणारे किती? ज्याच्याकडे दीड-दोन लाखांची लेन्स आहे त्याला फोटो आणि नागपूरच्या महाल भागातून पोराबाळांना घेऊन आलेल्या माणसाला काहीच नाही, हे खटकतंच. दुसरं म्हणजे ‘कॅमेरा’ म्हणजे नक्की काय? टॅबला सिम असतं, मग तो काय? आताच्या कॅमेऱ्यांना वायफाय असतं, त्याचं काय? माझ्या मते सोपी कसोटी अशी की ज्यावरून आतल्या आत दुसऱ्या गाडीला निरोप जाऊ शकतो ते बंद. या कसोटीवर बंदी बरोबर ठरते, आणि मला ती बरोबरच वाटते.

ज्यांना पटत नव्हतं त्यांनी ३१ डिसेंबर २०२४ आठवावा. नागपूरजवळच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला तिच्या पाच बछड्यांसकट जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवलं, व्हिडिओ सगळीकडे फिरला, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि तिथेही मोबाईल बंद झाला. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये देशातल्या सगळ्याच व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधल्या, म्हणजे गाभ्याच्या जंगलातल्या, पर्यटनाच्या भागात मोबाईल वापरू देऊ नये असा सुप्रीम कोर्टाचा आदेश आला. नागपूरकराला ते नवं नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर बंदी नसती तरी मोबाईलवर काय आलं असतं? हिशोब करून बघा. मोबाईलची मुख्य लेन्स साधारण २४ मिलिमीटरच्या हिशोबाची, म्हणजे समोरचं बरंच रुंद दृश्य एका फोटोत घेणारी. वाघ ६० मीटरवर असेल तर फ्रेमची रुंदी जवळजवळ ९० मीटर आणि त्यात वाघ दोन मीटरचा. चार हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोत त्याच्या वाट्याला नव्वदेक पिक्सेल येतात, म्हणजे झूम केलं की पिवळा ठिपका. तोच वाघ ४०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये एक तृतीयांश फ्रेम भरून येतो, मिशा मोजता येतात. पाचपट झूमवाला महागडा मोबाईल यांच्या मधे कुठेतरी राहतो, तोसुद्धा भर उन्हात.

मागच्या उन्हाळ्यात ताडोबाच्या मोहर्ली गेटमधून आत गेलो तेव्हा आमच्या जिप्सीत सहा जण होते आणि कॅमेरा एकट्या माझ्याकडे. मागच्या सीटवर खामल्याच्या एक आजी, सून आणि नातू. पाणवठ्यावर वाघीण बसली होती, मी चार फोटो घेतले आणि कॅमेरा मागे दिला, आजींनी एक डोळा मिटून बराच वेळ त्यातून बघितलं, म्हणाल्या, “बाई, कान हलतोय तिचा.” नातवाला मोबाईल नसल्याचं सुरुवातीला फार वाईट वाटत होतं, नंतर तो लेन्स सोडायलाच तयार नव्हता. बाहेर आल्यावर टोकन देऊन सगळ्यांनी आपापले फोन परत घेतले आणि लगेच माझ्याभोवती जमले, “दादा, आमचे पण पाठवाल ना?” परमिटच्या मागे मी पाच नंबर लिहून घेतले. आजींना त्यांच्या फोटोत वाघीण नको होती, गाडीत बसलेल्या त्या आणि नातू असा एक हवा होता. तो मी तिथेच, गेटसमोर, त्यांच्या सुनेच्या मोबाईलवर काढून दिला.