पार्श्वभूमी : दफ्तरखाना वेगळा, ग्रंथालय वेगळं, संग्रहालय वेगळं

दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार (म्हणजे सरकारी दफ्तरखाना) आणि कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय या दोन्हींची मुळं कोलकात्यात, आणि तीही एकाच वर्षातली: १८९१.

त्या मार्चमध्ये इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट सुरू झालं. प्रमुख म्हणून आले जी. डब्ल्यू. फॉरेस्ट, मुंबई सचिवालयातल्या जुन्या कागदांवर त्यांचा हात आधीच बसलेला होता. खात्याखात्यांत साठलेले कागद एका जागी आणायचे, एवढंच काम. वाचकांची सोय हा विषयच नव्हता, कारण कागद सरकारने सरकारसाठीच ठेवलेले. पुणेकरांना हे नव्याने सांगायला नको. पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, इंग्रजांनी सांभाळले ते इनाम जमिनींचे दावे तपासायला. अभ्यासकांना ते सहजी उघडून मिळत नव्हते. इतिहासकार रियासतकार सरदेसायांनी निवडलेल्या कागदांचे ४५ खंड निघाले ते थेट १९३० च्या दशकात.

दफ्तरात कुठल्या कागदाशेजारी कुठला कागद होता, हेही जपावं लागतं. ते विषयवार लावले, की कुठल्या कचेरीत, कशासाठी लिहिले, हा धागाच तुटतो. आणि हरवलेल्या कागदाची दुसरी प्रत बहुधा नसतेच.

छापील पुस्तकाच्या प्रती असतात, म्हणून ग्रंथालयाची चिंता निराळी. १८९१ मध्ये सचिवालयातली ग्रंथालयं एकत्र करून इंपीरियल लायब्ररी झाली, पण वापर अधिकाऱ्यांपुरता. व्हाइसरॉय कर्झनने तिला कलकत्ता पब्लिक लायब्ररीची जोड दिली आणि ३० जानेवारी १९०३ रोजी ती लोकांना खुली केली. १९४८ मध्ये नाव बदललं; माझ्या मते ती खऱ्या अर्थाने राष्ट्रीय झाली १९५४ च्या कायद्याने. प्रकाशकाने स्वखर्चाने एक प्रत कोलकात्याला पाठवायची, शिवाय मुंबईसह आणखी तीन ठिकाणी. इथे निवड नाही. लोणच्यांचं पुस्तकही येतं, महाकाव्यही.

संग्रहालयाचं सगळं निवडीवरच चालतं. १९४७-४८ च्या हिवाळ्यात लंडनमध्ये भारतीय कलेचं प्रदर्शन भरलं. त्यासाठी देशभरातून जमवलेल्या वस्तू परतल्यावर आजच्या राष्ट्रपती भवनात मांडल्या गेल्या आणि १५ ऑगस्ट १९४९ रोजी तिथेच राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं. जनपथावरची इमारत १९६० ची.

पोथ्यांपाशी मात्र या सीमा पुसट होतात. त्या तिन्हींकडे सापडतात. आणि राज्यघटनेची हाताने लिहिलेली मूळ प्रत यांपैकी कुठेच नाही. ती संसदेच्या ग्रंथालयात, वायू भरलेल्या बंद पेटीत आहे.